तक्रारीचं संमतीपत्र

आमच्या कॉलेजात पोहण्याचा तलाव नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, तिला दोन नळ आहेत आणि त्यातला एक चालू आहे. तरीही आमच्या सूचना फलकावर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी, नियम क्रमांक सात असा लिहिलेला आहे: ‘अल्पवयीन विद्यार्थ्यांनी प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत जलतरण तलावात उतरू नये.’ हा नियम आजवर एकाही विद्यार्थ्याने मोडलेला नाही. इतका काटेकोर पाळला गेलेला दुसरा नियम मला माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत आठवत नाही.

हे नियम आले कसे, ते सांगते. एके दिवशी वरून परिपत्रक आलं. जिथं अठरा वर्षांखालची मुलं शिकतात त्या प्रत्येक कॉलेजानं त्यांच्या सुरक्षेचे नियम करावेत, समिती नेमावी, तक्रारपेटी लावावी आणि तसा अहवाल पाठवावा. आमचं कॉलेज बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून आहे. अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग, सगळं एकाच इमारतीत. प्राचार्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, “आपल्याकडे अल्पवयीन कोण कोण आहे?”

संगणकाचे सर म्हणाले, “सर, अकरावी-बारावीचे जवळजवळ सगळेच.”

“सगळेच?” प्राचार्यांचा चेहरा असा झाला, जणू एवढी मुलं कोणीतरी त्यांच्या परस्पर दाखल करून घेतली होती.

मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. स्नेहसंमेलनाची रांगोळी, पाहुण्यांचा चहा, वर्गात चक्कर येऊन पडलेली मुलगी, हे सगळं त्याच नजरेनं माझ्याकडे येतं. मी मराठी शिकवते, म्हणजे मला तसं काही काम नसतं, असा आमच्याकडे सार्वत्रिक समज आहे. “मॅडम, हे तुम्हीच बघा,” ते म्हणाले, “मुलींचा विषय आहे.” परिपत्रकात मुलगे आणि मुली दोन्ही होते, पण वाद कोण घालणार! मी अल्पवयीन सुरक्षा समितीची निमंत्रक झाले.

नियम एका दुपारी तयार झाले. संगणकाच्या सरांनी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कॉलेजचे नियम मोबाइलवर शोधले, वरचं नाव खोडून आमचं घातलं आणि छापून आणले. एकूण एकोणीस. त्यात लिफ्ट होती, वसतिगृहाचा चौथा मजला होता आणि हा तलाव होता. मी म्हटलं, “सर, निदान तलाव तरी काढूया.” प्राचार्य म्हणाले, “राहू द्या मॅडम. तपासणी समितीला वाटेल, पुढचा विचार केलाय. उद्या तलाव झालाच तर पुन्हा बैठक घ्यावी लागेल.” बैठकीवरून आठवण झाली म्हणून त्याच दुपारी आम्ही मागच्या चार महिन्यांच्या चार बैठकांची इतिवृत्तंही लिहून काढली. एक निळ्या शाईत, दोन काळ्या, आणि चौथं शिपाईभाऊंच्या खिशातल्या हिरव्या पेनानं. पुढे लक्षात आलं की तिसरी बैठक आम्ही उन्हाळी सुट्टीत घेतली होती, तीही सर्वांच्या पूर्ण उपस्थितीत. ते तसंच राहिलं.

या एकोणीस नियमांतले दोन मात्र खरे निघाले. म्हणजे त्यांचा कोणावर तरी परिणाम झाला.

पहिला, नियम अकरा. तास संपल्यावर एकही अल्पवयीन विद्यार्थी आवारात थांबणार नाही, साडेचारला फाटकाला कुलूप. प्राचार्यांचा तर्क बिनतोड होता. आवारात कोणी नसेल तर आवारात काही घडणार नाही. अडचण एवढीच होती की खेड्यांवरच्या मुलींची एसटी सव्वापाचला येते, आणि तिला सव्वापाच माहीत नसल्यामुळे ती कधी साडेपाचलाही येते. आतापर्यंत या मुली वाचनालयाच्या व्हरांड्यात बसायच्या. डबे धुवायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या, क्वचित अभ्यासही करायच्या. नियम झाला आणि त्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. एका बाजूला पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला पानठेला. फाटकाच्या आत सुरक्षित राहिले ते शिपाईभाऊ आणि गवत खाणाऱ्या कोणाच्या तरी दोन शेळ्या. शेळ्या अठराच्या आतल्याच होत्या, पण त्यांना कोणी बाहेर काढलं नाही.

आणि मी? मी चार पस्तीसला माझ्या स्कुटीवरून त्या मुलींच्या समोरून जायची. त्या “बाय मॅडम” म्हणायच्या, मी मान हलवायची. समितीची निमंत्रक होते ना, तेवढं तर करायलाच हवं होतं.

दुसरा खरा नियम चौदावा, आणि हा मोबाइलवरून आलेला नव्हता. हा मी स्वतः केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. ‘तक्रार करणारा विद्यार्थी अल्पवयीन असल्यास त्याने नमुना ब वर पालकाची स्वाक्षरी आणावी, त्याशिवाय तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.’ मला वाटलं होतं, लेकराच्या मनातलं आईबापाला कळायलाच पाहिजे. वाटायला काय लागतं! आता नमुना ब तयार करायचा तर नवीन काही लिहिण्याचा कंटाळा. माझ्याकडे मागच्या वर्षीच्या लोणारच्या सहलीचं संमतीपत्र होतं. मी त्यात जिथं जिथं ‘सहल’ होतं तिथं ‘तक्रार’ केलं. गाडीभाड्याची ओळ आठवणीनं काढली. बाकीचा मजकूर पुन्हा वाचला नाही. वाचला असता तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं.

तक्रारपेटी गावातल्या सुतारानं करून दिली. तांबडा रंग, पितळी कुलूप. नियमात लिहिलं होतं की पेटी कॅमेऱ्याच्या टप्प्यात असावी, म्हणजे कोणी ती चोरून नेऊ नये. म्हणून ती प्राचार्यांच्या खोलीच्या खिडकीखाली, आमच्या एकुलत्या एका कॅमेऱ्याच्या बरोबर समोर बसवली. किल्ली प्राचार्यांच्या खणात. आता ज्याला गुपचूप तक्रार करायची असेल त्यानं प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर, कॅमेऱ्यात बघत, ती पेटीत टाकावी, एवढंच काय ते करायचं होतं.

सत्र संपता संपता पालकसभा झाली आणि त्यातच पेटी उघडण्याचा कार्यक्रम ठेवला. मागे बॅनर होता. पेटीला झेंडूचा हार घातला होता. नारळ फोडायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी फोडला. ‘या सत्रात एकही तक्रार प्राप्त झाली नाही’ असं प्रमाणपत्र सकाळीच टाइप होऊन आलं होतं, फक्त सही बाकी होती. प्राचार्यांनी कुलूप काढलं, पेटीत हात घातला आणि फोटोसाठी हसून तो तसाच ठेवला. संगणकाच्या सरांनी दोन फोटो काढले. तिसऱ्या फोटोत प्राचार्य हसत नाहीत, कारण तोवर त्यांच्या हाताला कागद लागला होता.

त्यांनी तो वाचला, घडी घातली, खिशात टाकला आणि पालकांना चहा घ्यायला सांगितलं. सभा पांगल्यावर तो माझ्या हातात आला.

वहीचं अर्धं पान होतं. ‘आम्ही गेटबाहेर उभ्या राहतो. मोटरसायकलवर दोन मुले रोज येतात. फोटो काढतात. काही बोलतात. बस येईपर्यंत आम्हाला आत व्हरांड्यात बसू द्यावे ही विनंती. आम्ही आवाज करणार नाही.’ खाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. माझ्या अकरावीच्या वर्गात एकच मुलगी अशी होती, जी आधी पूर्ण ओळ लिहायची आणि मग पट्टी ठेवून सगळ्या शब्दांवर एकदम रेघ मारायची. मी तिच्या वहीत तीनदा शेरा दिला होता, ‘शब्द तुटू द्या.’ तक्रारीतही तिनं पट्टी वापरली होती. निनावी कागदसुद्धा तिला नीटनेटका हवा होता.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘आम्ही आवाज करणार नाही.’ मला वाईट वाटलं, हे खरंच सांगते. पण वाईट वाटणं आणि काही करणं यांच्यामध्ये आमच्याकडे बरीच मोठी प्रक्रिया असते.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, एक तर हे आपल्या हद्दीबाहेरचं आहे. फाटकाबाहेर रस्ता बांधकाम खात्याचा. दुसरं, निनावी आहे. तिसरं, तुमचाच चौदावा नियम.” आणि त्यांनी माझाच नियम मला वाचून दाखवला. लेखकाला स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जो आनंद होतो म्हणतात, तो मला त्या दिवशी झाला नाही.

तरीही मी ठरवलं, काम रीतीनंच करायचं. दुसऱ्या दिवशी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. अंगानं लहानखुरी, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. गाव रोहिणखेडच्या अलीकडचं. वडील विहिरींवरच्या मोटरी बांधून देतात, म्हणजे जळालेल्या मोटरीची तार काढून नवी गुंडाळायची. त्यांच्या गल्लीतून दहावीपुढे शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच मुलगी. मी तिला म्हटलं, “हा कागद तूच लिहिलास ना? घाबरू नको. हा फॉर्म घे, बाबांची सही आण, मग मी प्रकरण समितीपुढे ठेवते.”

तिनं फॉर्म हातात घेतला, पण लगेच गेली नाही. “मॅडम, सही पाह्यजेच का?”

“पाहिजेच. नियम आहे.”

“सहीशिवाय नाही होत?”

“अगं, नुसता फॉर्म आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. मला वाटलं, कापूस वेचायचे दिवस आहेत, शेतात हात कमी पडत असतील. आपल्याला सोयीचं कारण शोधायला फार वेळ लागत नाही. आठव्या दिवशी तिच्या बाकावरच्या मुलीनं हळूच सांगितलं, “मॅडम, तिचं कॉलेज बंद झालं. तिले पाहाले येऊन राह्यले म्हणतात.”

त्या दिवशी मी दोन तास घेतले. काय शिकवलं ते विचारू नका. दुपारी अर्धी रजा टाकली, स्कुटी काढली आणि मोताळ्याच्या रस्त्याला लागले.

घर शोधावं लागलं नाही. दारापुढेच मोटरींची रांग होती आणि वॉर्निशचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. तिचे वडील मांडीवर मोटरीचं कवच घेऊन तांब्याची तार आत बसवत होते. मला बघून उठले, हात पुसले, प्लास्टिकची खुर्ची आणून झटकून दिली.

“या मॅडम, या. बसा.”

“मुलगी आजारी आहे का?”

“नाही, बेस हाय.”

“मग कॉलेजात का येत नाही?”

त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. “तुमचाच तं कागद आला ना मॅडम. म्या दोन बार वाचला. सही बी केली.” त्यांनी कॅलेंडरमागे खोचलेला नमुना ब काढून माझ्या हातात दिला. “तुमीच वाचा.”

मग मी माझं साहित्य प्रथमच नीट वाचलं. ‘माझ्या पाल्यास तक्रारीस पाठविण्यास माझी हरकत नाही. तक्रारीदरम्यान कोणताही अपघात घडल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. पाल्याच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारत आहे. सोबत पाण्याची बाटली व टोपी द्यावी.’ खाली त्यांची सही होती, एकेक अक्षर जपून काढलेलं.

“मले सांगा,” ते म्हणाले, “तक्रार केल्यावर कोनता अपघात होनार हाय?”

सहलीच्या वेळी खोल पाण्याजवळ जाऊ नये म्हणून ती ओळ होती, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

“पोट्टीले इचारलं तं रडाले लागली. मंग सांगतलं, मोटरसायकलवाले पोट्टे फोटो काढून राह्यले, अन् कॉलेजवाले साडेचारलेच बाहेर काढून देतात. इथं लिवलं, संपूर्ण जबाबदारी पालकाची. म्या सही केली, जबाबदारी घेतली. आता पोट्टी घरी हाय. घरी कोनी फोटो काढत नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कागदावर जे छापलं होतं ते त्यांनी अक्षरशः केलं होतं. आमच्या एकोणीस नियमांचं मनापासून पालन करणारा तो जिल्ह्यातला एकमेव माणूस असावा.

“आणि ते पाहायला येणारे?” मी विचारलं.

“तिच्या काकानं ठिकान आनलं हाय. तो म्हनते, दहावी झाली, बस झालं, उद्या नाव निघालं तं कोन इचारनार. म्या अजून हाव म्हनलं नाही.”

“भाऊ, ती सोळा वर्षांची आहे! हा गुन्हा आहे.”

“मले बी समजते, मॅडम. लहान हाय म्हनूनच तं बाहेर उभी कराची हिंमत होऊन नाही राह्यली.” त्यांनी मोटरीचं कवच बाजूला सरकवलं. “तुमी सांगा, बस येवस्तोवर तिले आत बसू देता का? रोज?”

“मी बोलते सरांशी. नक्की काहीतरी…”

“बोलनं नाही.” त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. “हे पाहा. म्या मोटर बांधून देतो तं गिऱ्हाइकाले चिठ्ठी देतो. सहा महिन्यांत जळली तं माही. आजूबाजूच्या गावात माही चिठ्ठी चालते. तुमी मले कागद देला, म्या सही केली. आता तुमी मले चिठ्ठी द्या.”

त्यांनी एक पान फाडलं. वर छापलेलं होतं, मोटर क्रमांक आणि हॉर्सपॉवर. त्या दोन ओळींवर त्यांनी काट मारली आणि खाली सांगत गेले, मी लिहीत गेले. कॉलेज सुटल्यापासून एसटी येईपर्यंत मुली फाटकाच्या आत बसतील. मी त्यांच्यासोबत बसेन. काही झालं तर जबाबदारी माझी. इथवर लिहिणं सोपं होतं. शिकवण्याचा धंदाच आहे, दुसऱ्यानं सांगितलेलं सुंदर अक्षरात लिहायचा.

“आता सही करा,” ते म्हणाले.

आणि माझा हात थांबला. बावीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या असतील. हजेरीपटावर, निकालपत्रावर, उन्हाळी सुट्टीत झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर. पण त्या प्रत्येक सहीच्या वर कुठेतरी ‘प्राचार्यांच्या आदेशानुसार’ किंवा खाली ‘माहितीसाठी सादर’ असायचं. काहीही झालं तरी जबाबदार धरायला माझ्या मागे अजून कोणीतरी उभं असायचं. या चिठ्ठीवर मागेपुढे कोणी नव्हतं. डोक्यात भराभर विचार येत गेले. सर काय म्हणतील, खुलासा मागवतील, एखादी मुलगी पायरीवरून पडली तर, मी आजारी पडले तर, माझी स्वतःची घरी जायची वेळ. एवढंच कशाला, नियम अकरा अजून फलकावर होता आणि त्यावर समितीची निमंत्रक म्हणून माझीच सही होती.

मान वर केली तर ती आतल्या दारात उभी होती. हातात चहाची बशी. कपातला चहा बशीत सांडला होता आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. किती वेळ बघत होती, कोण जाणे.

मी सही केली. तारीख टाकली. तिच्या वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि बाकीच्या चिठ्ठ्यांच्या नकला जिथं होत्या त्याच खिळ्याला अडकवली. “उद्यापासून येईल,” ते म्हणाले. “काकाले म्या सांगतो.” चहा मी बशीतलाही प्यायले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी फाटकाशी गेले. शिपाईभाऊंनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. ती त्यांनी खिळ्याला अडकवली, पाठ फिरवली आणि शेळ्यांना उद्देशून म्हणाले, “म्या काही पाह्यलं नाही बाप्पा.” मी कुलूप काढलं आणि मुलींना आत घेतलं. त्या रांगेनं आल्या, व्हरांड्यात बसल्या आणि खरोखरच आवाज केला नाही. इतक्या गप्प की मला सहन होईना. मी म्हटलं, “अगं बोला की, वेण्या घाला.” तिसऱ्या दिवसापासून त्या बोलू लागल्या आणि आता बंद होत नाहीत.

मोटरसायकलवाले पुढचे दोन दिवस रस्त्यावरून हळूहळू जात राहिले. तिसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले आणि मोबाइल काढून त्यांचाच फोटो काढला, गाडीच्या नंबरसकट. दुसरा काढते म्हटलं तर त्यातल्या एकानं तोंडावर रुमाल ओढला. तो फोटो मी पोलीस ठाण्यात नेऊन दिला आणि पोच घेतली. फाटकाबाहेरचा रस्ता बांधकाम खात्याचा असला तरी पोलिसांना तिथं यायला कोणाची परवानगी लागत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. नंतर ते दोघं दिसले नाहीत.

प्राचार्यांनी अपेक्षेप्रमाणे खुलासा मागवला. ‘विहित वेळेनंतर अल्पवयीनांना आवारात ठेवण्याचे कारण काय?’ मी एका ओळीत उत्तर दिलं की एसटी सव्वापाचला येते. ते उत्तर त्यांना उद्धट वाटलं आणि होतंही. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी फक्त परिपत्रकातून बोललो. मग तपासणी समिती आली. समितीतल्या एका बाईंना व्हरांड्यातल्या मुली दिसल्या, त्यांनी चौकशी केली आणि “फार छान उपक्रम” म्हणाल्या. प्राचार्य लगेच म्हणाले, “मूळ कल्पना आमचीच.” आठवड्याभरात व्हरांड्यावर बॅनर लागला, ‘सुरक्षित प्रतीक्षा कट्टा’, त्यावर प्राचार्यांचा हात उंचावलेला फोटो. नियम अकरा रद्द झाला नाही, पण विसावा नियम आला. त्यानुसार मुली आत थांबू शकतात, मात्र ‘संबंधित शिक्षिकेच्या वैयक्तिक जबाबदारीवर’. चौदावा नियम मात्र मी खोडायला लावला. त्यासाठी प्राचार्यांच्या खोलीत आवाज चढवावा लागला आणि मला त्याबद्दल जराही खंत नाही. नमुना ब च्या उरलेल्या प्रती मी घरी नेल्या. मागच्या कोऱ्या बाजूला वाणसामानाच्या याद्या होतात.

पुढच्या पालकसभेत पेटी पुन्हा उघडली. या वेळी हात घालण्याआधी प्राचार्यांनी आत डोकावून बघितलं. रिकामी होती. टाळ्या झाल्या.

ती मुलगी आता बारावीला आहे. काकानं आणलेलं स्थळ परत गेलं. काका आपल्याशी बोलत नाही, असं ती सांगते आणि त्याचं तिला फारसं दुःख दिसत नाही. परवा व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो, बाकीच्या पाण्याच्या टाकीवर गेल्या होत्या. मी तिला विचारलं, “कॅमेरा समोर असताना ती चिठ्ठी तू पेटीत टाकलीस कशी?”

“लाइन जायची वाट पाह्यली, मॅडम. चार दिवस गेलीच नाही. पाचव्या दिवशी गेली.”

आमच्याकडे वीज जाण्याचा एवढा उपयोग मी पहिल्यांदाच ऐकला. मला हसू आलं, तीही हसली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, “मॅडम, एक विचारू? त्या दिवशी आमच्या घरी सही कराले तुम्ही येवढा वेळ काऊन लावला?”

मी रस्त्याकडे बघितलं. एसटीचा पत्ता नव्हता.

“पेन चालत नव्हता गं,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मांडीवरची वही बंद केली, दप्तरात ठेवली, चेन लावली.

“पेन माह्या बाबाचा व्हता,” ती म्हणाली, “तो चालते.”